मामांच्या कॅमेऱ्याचं ढिलं शटर

बेळगावपासून चिकोडीपर्यंतच्या मुलखात एखादा स्क्रू ढिला राहिला असेल, तर त्याची आणि आमच्या निपाणीच्या मामांची अजून गाठ पडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मामा म्हणजे आईचे सख्खे धाकटे भाऊ. धंद्यानं फोटोग्राफर, पण जन्माला आलेले जगाचे पेच आवळायला. कुणाच्या घरी गेले की आधी दाराची कडी हलवून बघणार, मग खुर्चीचे पाय, आणि चहा आला की कपाचा कान. खिशात पैसे नसतील, पेचकस असायचाच. येळ्ळूरच्या एका लग्नात वरपित्याचा चष्मा नाकावरून घसरताना त्यांना दिसला, आणि ऐन अक्षतांच्या वेळी "जरा काढा बघू" म्हणून त्यांनी तो ताब्यात घेतला. वरपित्यानं अंदाजानं टाकलेल्या अक्षता शेवटपर्यंत भटजींच्या डोक्यावर पडत होत्या. माझी दाढ हलते, असं मी एकदा जेवताना बोलून गेले, तर मामा हात धुऊन हत्यारांची पेटी आणायला उठले. "ढिलं म्हणून काय ठिवायचं न्हाय बघ," हे त्यांचं ब्रीद.

आता गंमत अशी, की या माणसाच्या स्वतःच्या कॅमेऱ्याचं शटर ढिलं होतं. कॅमेरा म्हणजे तिपाईवरचं भलंमोठं लाकडी खोकं, काचेच्या प्लेटीवर फोटो घेणारं. त्याच्या तोंडाशी भिंग आणि भिंगाभोवती पितळेची डबी, तेच शटर. ही डबी पुढच्या फळीत बसवून आतून एका कड्यानं आवळतात. मामांचं ते कडं सैल. कळ दाबायला जावं तर अख्खी डबीच फिरायची. मग मामा डाव्या हातानं डबी धरणार, उजव्यानं कळ दाबणार आणि समोरच्या मंडळींना बजावणार, "तुमी हलू नका. हलायला मी हाय."

मी जन्माची चौकस. नाक खुपसल्याशिवाय मला अन्न पचत नाही, असं आई म्हणायची. मी विचारलं, "मामा, आतून अर्धा फेर दिला की झालं ना?"

"व्हय, अर्धाच फेर," म्हणाले आणि प्लेटी पुसायला लागले. एका दुपारी ते झोपलेले बघून कात्रीच्या टोकानं कडं आवळायला मीच कॅमेऱ्यापाशी गेले, तर त्यांनी येऊन माझं मनगट धरलं. मामांना माझ्यावर रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

खरी हकिकत शेवटी मामांच्या शेजारच्या बाळाक्कांनी सांगितली. बाळाक्कांना नवरा नाही, एकुलता एक मुलगा, तेलाच्या गिरणीत इंजिनावर कामाला. त्यानं दीक्षा घ्यायचं ठरवलं. आम्हा दिगंबर जैनांत दीक्षा घेणाऱ्याला नवरदेवासारखं सजवून गावातून मिरवतात. मग तो डोक्याचे केस उपटतो, अंगावरचे कपडे उतरवतो आणि घरदार, नातीगोती कायमची सोडतो. बाळाक्कांनी मामांकडं एकच मागणं मागितलं होतं. "अण्णा, त्याचं क्यास हायत तवर येक फोटो काढून द्या. न्हाईतर मी जन्मभर काय बघत बसू?"

आता मामांचा स्वभाव आडवा आला. आज चूक व्हायला नको म्हणून त्या सकाळी त्यांनी धडधाकट शटर खोललं, आणखी घट्ट आवळावं म्हणून. कडं परत चढवताना आट्यांत तिरकं गेलं आणि अडकून बसलं. वाजंत्री दाराशी आली तरी मामा घामाघूम होऊन कड्याशी झटतच होते, आणि बाळाक्का उंबऱ्यात रडकुंडीला आलेल्या. ते बघून मुलगा घोड्यावरून उतरला. जरीच्या फेट्यानिशी पायरीवर बसला, कडं हातात घेतलं आणि म्हणाला, "आधी उलटं फिरवायचं, मामा. आटा घावला की टक करतंय. मग सुलटं." कडं सरळ चढलं. अर्धा फेर राहिला असेल नसेल, तेवढ्यात वडीलधाऱ्यांनी मुहूर्त टळतोय म्हणून त्याला उठवलं. "ऱ्हाऊ द्या, डबी धरून घ्या आता," म्हणत तो हसत कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. बाळाक्कांच्या भिंतीवर तोच फोटो आहे. शेल्यावर त्याच्या वंगण लागलेल्या अंगठ्याचा काळा डाग दिसतो.

"त्यानं हातानं केल्यालं शेवटचं काम हाय ते," बाळाक्का म्हणाल्या. "तुझं मामा त्याला कसं हात लावतील, सांग."

मला माझ्या कात्रीची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

बाळाक्कांचा मुलगा आता मुनी. दीक्षेनंतर दोन वर्षांनी ते पायी विहार करत निपाणीत आले. मुनी आहाराला, म्हणजे दिवसाच्या एकुलत्या जेवणाला, निघाले की श्रावक मंडळी पाण्याचा कलश घेऊन आपापल्या दारात उभे राहतात. मुनी कुणाकडं थांबून जेवतील ते त्यांनी मनात धरलेल्या नेमावर, नात्यागोत्यावर नाही. बाळाक्का उभ्या होत्या, शेजारी मामा, मागं मी. ते आले. नजर पायांपुढच्या चार हात वाटेवर. आमच्या दारावरून पुढं गेले आणि चौथ्या घरापाशी थांबले. बाळाक्का कलश धरून तशाच उभ्या राहिल्या. माझा जीव कळवळला. मी हळूच विचारलं, "मामा, त्यांनी ओळखलं असेल का?"

मामांनी बाळाक्कांच्या हातातला कलश अलगद काढून घेतला.

"त्यांनी वळखायचं नसतंय गं," ते म्हणाले. "आपण वळखायचं."