मी ताराबाईचे डोळे उघडले

बायकोच्या पापडाच्या धंद्याला प्रेरणा देण्याचं काम मी आयुष्यात एकदाच केलं, आणि त्यात धंदा बुडता बुडता वाचला.

तसा मी मुळात पापडातला माणूस नाही. दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये मी काट्यावर बाबू होतो. कापसाची गाडी आली की वजन करायचं, पावती फाडायची आणि उरलेल्या वेळात चहा प्यायचा. पण त्या वर्षांत कापसाचं काय झालं ते सगळ्या जिल्ह्यानं पाहिलंय. एक वर्ष अळी, एक वर्ष पाऊस, आणि भाव तर दरवर्षीच! गाड्या कमी होत गेल्या, चहा वाढत गेला, आणि एका दिवाळीनंतर मालकानं "पुढच्या हंगामात पाहू" असं म्हणून आम्हाला घरी पाठवलं. तो पुढचा हंगाम अजून यायचा आहे.

घरी बसलेल्या नवऱ्याकडे बायको आधी सहानुभूतीनं पाहते, मग संशयानं पाहते. आमची मंदा त्याच्याही पुढे गेली. तिनं माझ्याकडे पाहणंच सोडलं आणि उडदाच्या पापडाचं पीठ भिजवलं. तिच्या हाताला मुळातच चव. आमच्याकडे पापड भाजायला घेतला की शेजारच्या घरातलं भांडण थांबायचं. आधी गल्लीनं मागितले, मग बाजारातल्या दोन दुकानांनी ठेवले, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात लाटायला तीन बाया येऊ लागल्या. ताराबाई आमच्या मागच्या घरातली, वयानं मोठी आणि आवाजानंही. रुखसानाभाभी म्हणजे मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंची बायको. आणि कमल, नव्यानंच लग्न होऊन आलेली, दिवसभरात चार शब्द बोलणारी. माझ्याकडे चक्कीवरून पीठ आणणं, सायकलवरून माल पोचवणं आणि माडीवर वाळत घातलेल्या पापडांवरचे कावळे हाकणं एवढी खाती होती. (बाहेर कुणी विचारलं तर मी "मालाची सुरक्षा पाहतो" असं सांगायचो.)

त्याच उन्हाळ्यात मोठी ऑर्डर आली. उमरखेडच्या एक शिक्षिका दारव्ह्याला लग्नाला आल्या होत्या, तिथल्या पंगतीत त्यांनी मंदाचा पापड खाल्ला आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी सांगून गेल्या. पंगतीसाठी वेगळे, रुखवतात मांडायला वेगळे! मंदाचा पापड पहिल्यांदाच तालुक्याबाहेर जाणार होता. हा माल वेळेवर पोचला तर पुसद, दिग्रस, सगळीकडे नाव होणार होतं. नाही पोचला तर? जिनिंग बंद होतं. पापडही बंद झाला तर आमची चूल कशावर पेटणार होती, हे मलाच काय, चुलीलाही माहीत नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच मंदा थकली. एका दुपारी लाटणं बाजूला ठेवून ती भिंतीला टेकून बसली.

"अजी, मले नाही वाटत आता होते म्हून. हात पाहा कसे सुजले. दुकानदार म्हणते, बाजारात मशीनचे पापड आले. अमरावतीचा दादा म्हणून राह्यला, सोडा थे पापडं आन् इकडं या, भाऊजीले दुकानात बसवतो."

माझ्या मेहुण्याचं साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं दुकान आहे. तिथं मला तो नेमका कशाला बसवणार होता, या विचारानंच मला घाम फुटला. पण खरं सांगतो, त्याहून वाईट वाटलं ते मंदाचं. जिनिंग बंद झालं तेव्हा मी खाटेवर पडलो होतो आणि ही उठून उभी राहिली होती. आज तीच बसली होती. मी ठरवलं, आता हिच्यासाठी काहीतरी केलंच पाहिजे. (इथेच मला कुणी धरून ठेवायला हवं होतं.)

योगायोगानं त्याच आठवड्यात यवतमाळला छोट्या उद्योजकांसाठी मोफत व्याख्यान होतं. चहा-बिस्किटांसह! मी पहिली एसटी पकडली. वक्ता काळा कोट आणि टाय घालून आला होता. यवतमाळात, एप्रिलमध्ये, पंखे बंद असताना! जो माणूस त्या उन्हात कोटात उभा राहू शकतो तो जगात काहीही करू शकतो, याची माझी खात्री पटली. तो म्हणाला, रोज आरशासमोर उभे राहा आणि म्हणा, मी वाघ आहे. छोट्या यशालाही टाळ्या वाजवा. आणि शेवटी मूठ आपटून म्हणाला, "दुसऱ्याच्या स्वप्नासाठी राबू नका! स्वतःच्या स्वप्नाचे मालक व्हा!" माझ्या अंगावर काटा आला. मी शेजारच्याचंही बिस्किट खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंदाला आरशासमोर उभी केली.

"म्हण, मी वाघ आहे."

"सकाळी सकाळी काय झालं तुमाले?"

"म्हण तर! मीही म्हणतो. मी वाघ आहे!"

"मंग टिपेश्वरच्या जंगलात जा ना! इथं कायले चहाची वाट पाहून राह्यले?"

आरसा फसला म्हणून मी टाळ्यांवर आलो. बाया लाटायला बसल्या आणि मी जाहीर केलं की प्रत्येक पापड झाला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिल्या पापडाला टाळ्या पडल्या. तेलाचे आणि पिठाचे हात ते! टाळीबरोबर पीठ उडालं, कमलला शिंका सुरू झाल्या, रुखसानाभाभींना हसू आवरेना, आणि ताराबाईचं लाटणं घरंगळत मोरीत गेलं.

"भाऊ," ताराबाई ओरडली, "टाया वाजवू का पापड लाटू? हात दोनच देल्ले देवानं!"

दुपारपर्यंत रोजच्या निम्मेही पापड झाले नाहीत. मंदानं मला माडीवर कावळ्यांकडे पाठवलं आणि खालून कडी लावली.

इतक्यावर मी थांबलो असतो तर आज हे सांगायची वेळ आली नसती. पण संध्याकाळी मंदा कडी काढून हिंग-पापडखार आणायला बाजारात गेली. उद्या सगळ्यात मोठी लाटणी, परवा माल एसटीत चढवायचा, असा बेत होता. बाया पदर झटकून घरी निघाल्या होत्या. त्यांचे दमलेले चेहरे पाहून मला राहवलं नाही. मी दारात उभा राहिलो, वक्त्यासारखी मूठ वळली आणि बोलायला लागलो.

काय बोललो! असं मी माझ्या लग्नातही बोललो नव्हतो. (तिथं मला कुणी बोलूच दिलं नव्हतं.) तुमच्या हातात कला आहे, तुमच्या अंगात वाघ आहे, आयुष्य काय असंच दुसऱ्यांच्या पोळपाटावर घालवणार? "दुसऱ्याच्या स्वप्नासाठी राबू नका! स्वतःच्या स्वप्नाच्या मालकीण व्हा!" कमलनं डोळ्यांना पदर लावला. रुखसानाभाभी "या अल्ला" म्हणून खालीच बसल्या. ताराबाई, जी स्वतःच्या नवऱ्यालाही बोलू देत नाही, ती शेवटपर्यंत गप्प होती. आपण जिनिंगमध्ये उगीच वर्षं घालवली, आपण मुळात वक्तेच, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

सकाळी मंदानं पीठ भिजवलं, कुटून गोळा तयार केला आणि वाट पाहत बसली. एकही बाई आली नाही.

"अजी, पाहून या बरं. कोनाले बरं नाही का काय?"

मी मागच्या घरी गेलो. ताराबाईच्या अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं आणि त्यावर पापड! दारावर खडूनं लिहिलेलं, "ताराबाई पापडवाली." मला पाहताच ती धावत आली आणि पायाच पडली.

"भाऊ! तुमी माहे डोये उघडले!"

"अहो पण ताराबाई, आमचं आजचं काम..."

"आता काम कोनाचं नाही कराचं! सोताचं सपन कराचं! तुमीच त सांगतलं!"

तिथून रुखसानाभाभींकडे. तिथं सलीमभाई जुन्या पंपाचे दोन लोखंडी पत्रे जोडून पापड दाबायचं यंत्र बनवत होते. भाभींनी मला खुर्ची दिली, रूहअफजा दिला. "भाईसाब, आपने तो आँखंच खोल दी हमारी! आजतक किसीने ऐसा बोलाच नहीं!" सलीमभाईंनी तेलकट हातानं माझा हात दाबला. एवढ्या मानानं मला जिनिंगच्या मालकानंही कधी वागवलं नव्हतं. काय बोलायला आलो होतो तेच मी विसरलो.

कमलच्या घरी तर तयारीच होती. सासूनं दारात पाट मांडला होता, पोळपाटाला हळदकुंकू वाहिलं होतं. चार शब्द बोलणारी कमल त्या दिवशी एका दमात म्हणाली, "भाऊ, तुमच्याच हातानं नारळ फोडा, तुमच्यामुळंच मी उभी राह्यली." आता सांगा, नाही कसं म्हणणार? मी नारळ फोडला. टाळ्या पडल्या. सासूनं माझ्या कपाळाला टिळा लावला आणि खोबऱ्याचा प्रसाद हातात दिला.

तसाच टिळा लावून, हातात खोबरं घेऊन मी घरी पोचलो. मंदा पिठाच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकून दारातच उभी होती.

"बाया कुठी हायेत?"

"त्या... आपापल्या घरी आहेत."

"आन् हे खोबरं कायचं?"

"उद्घाटनाचं."

"कायच्या उद्घाटनाचं?"

"कमलच्या पापडाच्या."

मंदानं माझ्या टिळ्याकडे पाहिलं. "काल मी बाजारात गेलती तवा तुमी काय बोल्ले त्याईले?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण मूठ वळल्याचंही सांगितलं. ती ओरडेल म्हणून मी खांदे आवळून उभा राहिलो होतो. ओरडली नाही. खाली बसली आणि हळूच म्हणाली, "मले वाटलं होतं, या टायमाले जमते." एवढंच. तिनं लाटणं फेकून मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माझा मलाच इतका राग आला की मी बाह्या सरसावल्या आणि पोळपाट पुढे ओढला.

मी पापड लाटायला बसलो! पहिला दारव्हा तालुक्याच्या आकाराचा झाला, दुसरा मारेगावच्या. तिसऱ्याला मधोमध भोक पडलं. चौथा पोळपाटावरून सुटेचना. मंदा थोडा वेळ पाहत राहिली, मग उठली, पायात चपला घातल्या आणि निघून गेली. मी लगेच अमरावतीच्या गाडीची वेळ आठवायला लागलो. फॉल-पिकोचं दुकान डोळ्यांसमोर आलं, मेहुणा आला, त्याचं हसणं आलं.

पण मंदा आली ती तासाभरात, आणि मागं तिघी! प्रत्येकीच्या हातात स्वतःचं पोळपाट-लाटणं. तिनं काय केलं ते मला नंतर कळलं. तिनं भाषण केलंच नाही. ताराबाईच्या अंगणात बाकी दोघींनाही बोलावून घेतलं, पाणी मागितलं, पापड पाहिले, चांगले झाले म्हणाली आणि सहज विचारलं, "तारा, हे पापड इकशीन कोनाले?"

ताराबाईचं तोंड उघडंच राहिलं. "थे भाऊनं नाही सांगतलं!"

"त्याईलेच मालूम असतं त घरी बसले असते का?" मंदा म्हणाली. (हे वाक्य मला तिघींनीही वेगवेगळं येऊन सांगितलं.) "माह्यापाशी गिऱ्हाईक हाय, हात नाही. तुमच्यापाशी हात हायेत, गिऱ्हाईक नाही. चौघीजनी मिळून करू. कोनी कोनाची नोकर नाही. चौघी मालकीन."

मग आमच्या घरात जे लाटणं झालं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी वाघ म्हणालं नाही. नुसता लाटण्यांचा आवाज आणि अधूनमधून ताराबाईचा. सलीमभाईंच्या यंत्रातून निघालेल्या पापडांना ग्रीसचा वास होता म्हणून ते बाजूला ठेवले, बाकी सगळे वाळले आणि ठरल्या दिवशी माल उमरखेडच्या एसटीच्या टपावर चढला. लग्न लागलं, पंगत जेवली, आणि शिक्षिकाबाईंनी पुसदच्या त्यांच्या बहिणीला आमचा पत्ता दिला. ते ऐकून मंदा रडली. मीही रडलो, पण मला कुणी विचारलं नाही.

नंतर चौघींची पहिली बैठक झाली तेव्हा एक अडचण निघाली. चक्कीवरून पीठ कोण आणणार? पोती कोण उचलणार? एसटीच्या टपावर कोण चढणार? ताराबाईनं साफ सांगितलं, "मालकिनीनं पोतं उचलाचं का?" रुखसानाभाभी म्हणाल्या, "नोकर रखना पडेगा." मग सगळ्या दाराकडे पाहू लागल्या. दारात मी उभा होतो.

माझी रीतसर मुलाखत झाली. ओझं उचलता येतं का, सायकलचे ब्रेक लागतात का, वगैरे. मंदा माझी बाजू घेईल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "घरचा हाय म्हून सूट नाही." शेवटी मला ठेवून घेतलं, पण एका अटीवर. ती अट कमलनं सांगितली, त्या दिवसाचे तिचे चार शब्द खर्च करून:

"भाऊनं बोलाचं नाही, बस!"

ती अट अजून लागू आहे. लिहिण्याबद्दल मात्र कुणी काही म्हणालं नव्हतं, म्हणून हे लिहून काढलं. वाचून तुमचे डोळे उघडले असतील तर कृपा करून ताराबाईला सांगू नका, नोकरी जाईल माझी!