विहीणबाईंचा पेला

स्पेनमध्ये गालिसियाच्या किनाऱ्यावर पाऊस फार. तिथल्या विहीणबाईंच्या द्राक्षमळ्यात, मांडवाखाली आम्ही जेवायला बसलो होतो. यंदाच्या पांढऱ्या वाइनची, आल्बारिन्योची, पहिली बाटली त्यांनी हौसेनं उघडली. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि विहीणबाईंचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्यांनी आमच्या हातांतले पेलेच काढून घेतले.

"आई म्हणतेय, पावसानं द्राक्षं बिघडली. ही पाहुण्यांना कशी देऊ?" सूनबाईनं सांगितलं.

"अहो, छान लागतेय की!" हे म्हणाले. तशी विहीणबाईंची मान आणखीच खाली गेली.

उणीव फक्त त्यांनाच कळली होती. लाज वाटायला तेवढं एक माणूस पुरतं.

शेजारणीकडची बाटली आणून त्यांनी आमचे पेले भरले. स्वतःचा मात्र आपल्याच वाइननं भरला आणि संपवला.