नुसतं एक बोट

आमच्या लेकीला देशाच्या महिला फुटबॉल लीगमधल्या एका संघानं घेतलं, तेव्हा मी आमच्या सगळ्या गुलमंडी बाजारात पेढे वाटले. ती गोलकीपर. पेढे वाटून झाल्यावर कळलं, की ती दुसरी गोलकीपर आहे. म्हणजे पहिली खेळणार आणि आमची बाकावर बसणार. पेढे काही परत मागता येत नव्हते.

तिचे वडील शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. मूळचे पिशोरचे, एकदा बोलले की बोलले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवलं. "ह्या सीझनला एक तरी मॅच खेळून दाखव. नाय खेळली तर आमच्या कंपनीत जागा निघालीय, तिथं लागायचं. बाकावर बसायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या दारचा ओटा काय वाईट हाय?" पोरीनं मुकाट मान डोलावली. मला इतका राग आला, की चार दिवस त्यांच्या डब्यात नुसता दोडका दिला.

तर एवढंच होतं. सीझनभरात एक मॅच, नाहीतर शेंद्रा.

बोळात माझं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे. समोर चाचा शेरवान्या शिवतात. मॅच दुपारी असायची आणि फोनवर दिसायची. चाचांनी फोन माझ्या मशीनवर रिळांना टेकवून उभा केला, आणि मग चाचा, त्यांची बायको म्हणजे आमची खाला, आणि साडी न्यायला आलेली गिऱ्हाइकं, सगळे त्या इवल्याशा काचेवर डोकी घालायला लागले. गंमत अशी, की बॉल कुणी बघतच नव्हतं. कॅमेरा बाकाकडे वळला की एकच कल्ला. "दिसली! दिसली! पाणी पितीय!" एकदा आमचीनं जांभई दिली, तर चाचा भारावून म्हणाले, "क्या जम्हाई ली है, माशाअल्ला!"

आपल्याच संघावर गोल झाला की आम्ही खूश व्हायचो. आता तरी पहिलीला काढतील! पण ती पहिली काढण्यासारखी नव्हतीच. डावीकडे झेपावली तरी बॉल हातात, उजवीकडे झेपावली तरी हातात. मणिपूरची होती. एवढं चांगलं खेळायची तिला काय गरज होती, हे मला कळत नव्हतं.

अर्धा सीझन असाच गेला, आणि एका सकाळी मी गणपतीपुढे जाऊन उभी राहिले. "देवा, त्या पहिलीला काहीतरी होऊ दे." बोलल्यावर माझं मलाच कसंतरी झालं, म्हणून भाव उतरवत आणला. "पाय नको, पाय फार होतो. हातही नको. नुसतं एक बोट मुरगळू दे. करंगळीसुद्धा चालेल, आठवड्यापुरती." चाचांना हे सांगितलं, तर तेही दर्ग्यात मन्नतीचा धागा बांधून आले. "मैं भी उंगली का ही बोला, भाभी," ते म्हणाले. "एक काम के लिए दो जगह अलग-अलग बात नक्को."

संध्याकाळी मी मोठ्या उत्साहानं लेकीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू येडी हाय का?" आणि फोन ठेवून दिला.

दोन आठवड्यांनी संघाला चार दिवसांची सुट्टी मिळाली. लेक घरी आली आणि सोबत त्या पहिलीला घेऊन आली. एवढ्याशा सुट्टीत मणिपूरला जाऊन यायचं कसं, म्हणून.

फोनवर भिंतीएवढी दिसणारी ती पोरगी दारात आली आणि वाकून माझ्या पाया पडली. खालानं नान आणि मटणाचा खलिया पाठवला, तर तीन नान संपवले. माझा ठेचा खाल्ला, घळाघळा रडली आणि पुन्हा ताट पुढे केलं. लेक मला आई म्हणते म्हणून तीही आईच म्हणायला लागली. तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली, हातात तिचे कीपरचे ग्लोव्ह्ज. मनगटाचा पट्टा उसवला होता. "आई, सिलाई?"

काळा दोरा नेमका संपला होता. मरून दोऱ्यानं शिवून दिलं. नीट बसतंय का बघायला मी तिचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकेक बोट ओढून ग्लोव्ह चढवला. नखं कुरतडलेली, बोटं लहान मुलीसारखी. करंगळीपाशी आले आणि मला माझा नवस आठवला. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

दुकान तसंच टाकून मी गणपतीकडे पळाले. "देवा, ते बोटाचं रद्द!" चाचा दर्ग्यात गेले आणि ओशाळून परत आले. "इतने धागे हैं, अपना कौनसा समझाच नहीं, भाभी. फिर जुबानीच बोल दिया, वो उंगली का कॅन्सल."

त्यानंतर मॅच बघणं अवघडच झालं. तिनं बॉल अडवला की आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि टाळी वाजता वाजता शेंद्रा आठवायचा.

शेवटची मॅच आली. आपला संघ तीन गोलांनी पुढे. मी एका नवरीच्या शालूला फॉल लावत होते. थोडीच मिनिटं उरली होती आणि पहिली एकदम खाली बसली. मग उठली आणि बाहेर चालायला लागली.

"बोट!" मी किंचाळले. "बोट गेलं तिचं! देवानं रद्द केलेलं ऐकलंच नाय!"

"अगं बोट काय, समोर बघ!" गिऱ्हाइकं ओरडली. रेषेवर आमची उड्या मारत होती. आत आली! मैदानात! मी नाचायला उठले, तर माझ्याबरोबर शालूही उठला. पाय मशीन चालवतच राहिला होता आणि माझा पदर नवरीच्या शालूला शिवला गेला होता. तेवढ्यात बॉल आला, आमचीनं तो छातीशी धरला, आणि बोळातल्या आरडाओरड्यानं फोन खाली पडला.

संध्याकाळी तिचे वडील आले ते थेट दुकानात. मी भांडायच्या तयारीतच होते. "दहा मिनिटं असली तरी ती मॅचच! आधीच सांगून ठेवते!"

"दहा नाय, अकरा," ते म्हणाले. "अन् बॉल दोनदा आला हातात. दुसऱ्यांदा तुमी लोकं नाचत असाल. आख्ख्या कँटीननं बघितलं."

"मग शेंद्रा?"

"शेंद्र्याला मी हाय की."

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मी आधी बोटाचं विचारलं. ती हसायला लागली. पहिलीला काहीही झालं नव्हतं, खेळ थांबावा म्हणून ती नुसती खाली बसली होती. तीन गोल झाल्यावर तीच कोचकडे गेली होती, शेवटी हिला खेळवा म्हणून. मग फोन वळला आणि समोर ती आली. दोन्ही पंजे वर धरून एकेक बोट हलवत म्हणाली, "आई, देखो. गिन लो."

मी लेकीला हाक मारली. "हिला कुणी सांगितलं?"

"मीच. तू नवस बोललीस त्याच दिवशी. म्हणून तर घरी आणली."

म्हणजे त्या दुपारी माझ्या मांडीवर दोन्ही हात ठेवले, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं.

मी बोटं मोजली. दहाही होती. डोळे पुसले आणि म्हणाले, "सुट्टीला दोघी या. काळा दोरा आणून ठेवते."