चित्रातली बिनशेंदराची माय

लंकाबाई हरसूलकडून लग्न होऊन आली. नवरा लवकर गेला, आणि तेव्हापासून गावाबाहेरच्या पडक्या देवळापाशी ती शेळ्या राखते. माझी मुलगी भाग्यश्री चित्रकला शिकते. दर रविवारी ती तिथे चित्र काढायला जायची आणि मीही मागोमाग, कारण पडक्या दगडांत साप असतात.

"साप पोरीला नाय चावायचा, ताई," लंकाबाई म्हणायची. "तुझ्या धाकानं तोच गाव सोडंल."

देवळाच्या दारात मुंडकं नसलेली एक मूर्ती होती. लंकाबाई तिला माय म्हणायची. शेळी व्याली की चिकाची पहिली धार मायला, दर अमावस्येला तेल-शेंदूर. थरांवर थर चढून मूर्तीचा नुसता गोळा झाला होता.

भाग्यश्रीने सगळं रंगवलं: ढासळलेलं शिखर, वाळलेलं गवत, शेळ्या, काठीवर हनुवटी टेकलेली लंकाबाई. मूर्ती मात्र कोऱ्या काळ्या दगडाची काढली.

"माझ्या मायचं लुगडं का फेडलं गं?"

"आजी, मूळची ती अशीच असणार."

"मूळची तू बी उघडीच हुतीस की."

भाग्यश्री हसली. चित्र तसंच राहिलं. त्याचा फोटो मोबाईलवरून फिरला, माणसं देऊळ बघायला यायला लागली. दिवाळीनंतर पुरातत्त्व खात्याने तारेचं कुंपण घातलं. शेळ्यांना बंदी झाली. मूर्ती घासून स्वच्छ करण्यात आली.

मी एकटीच गेले, तेव्हा लंकाबाई कुंपणाबाहेर बसली होती. "तुझ्या पोरीच्या चित्रावानी केली बघ मायला," ती म्हणाली. शेळी व्याली होती, मायला चीक पोचला नव्हता, आणि तीनपैकी दोन करडं मेली होती. तिने माझ्या हातात शेंदराची पुडी ठेवली. "मला आत सोडत नाय. चित्रातल्या मायला तरी आवसेला लाव. एक करडू ऱ्हायलंय."

चित्र प्रदर्शनाला जायचं होतं. मी असलं काही मानत नाही. तरी अमावस्येला, भाग्यश्री कॉलेजात असताना, मी चित्राच्या चौकटीची काच काढली आणि तेलात कालवलेला शेंदूर करंगळीने मूर्तीला लावला. तेल कागदात पसरत गेलं. संध्याकाळी भाग्यश्री आली तोवर चित्रातल्या शेळ्यांवरही डाग चढला होता. मी कारण सांगितलं. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लंकाबाईला सांगायला गेले.

"लावला?"

"लावला."

"पोर रागावली आसंल."

"बोलत नाही."

"बोलंल. लेकरू हाय." तिने मला चहा करून पाजला, शेळीला पाला टाकला. करडू आदल्या रात्रीच गेलं होतं, हे तिने मी निघताना सांगितलं.