आधी लोकांचं

मुलांनो, तुकोगंजात आमच्या घराखालच्या खोलीत आमची एक भाडेकरीण होती, ती कंप्युटरवर लग्नपत्रिका करून द्यायची. नवऱ्याची मिल बंद पडल्यावर तिने हे काम शिकून घेतलं होतं. मशीन अडलं की रुसलेल्या दिराला समजवावं तशी म्हणायची, "भिया, इतकं काय मनाला लावून घ्यायचं?"

एका सकाळी हार्ड डिस्क टकटक करू लागली. ती कधीही कायमची बंद पडेल, हे आम्हा दोघींना कळलं. तिच्यात गिऱ्हाइकांच्या पत्रिका होत्या आणि मिलच्या साड्यांचे काठही होते, तिने कित्येक महिने बसून कंप्युटरवर रेखाटलेले.

"आधी तुझे काठ वाचव," मी म्हटलं.

"नाही काकू, लोकांच्या घरी शादी आहे. पहले त्यांचं."

एकेक पत्रिका तिने फ्लॉपीवर उतरवली. शेवटची उतरली आणि डिस्क थांबली. काठ गेले. तिने चहा टाकला.

नवी डिस्क बसली त्या दिवशी ती मिलचीच साडी नेसून आली. तिचा काठ टेबलावर पसरून, त्याकडे बघत तिने स्क्रीनवर पहिली रेघ ओढली. त्या आठवड्यात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी खाली तिच्याकडे तो काठ दाखवायला नेलं.