छावणीवर न झालेलं भाषण

काही घटना पोलिसाच्या काळजावर कायमच्या कोरल्या जातात, असं म्हणतात. माझ्या काळजावर बहुतेक बंदोबस्तच कोरले गेले. छावणीवरचा तो मृत्यू मात्र तपशिलासकट आठवतो.

दुष्काळाचं वर्ष होतं. आष्टी तालुक्यातल्या एका सहकारी दूध संघानं जनावरांसाठी छावणी काढली होती. चारा यायचा होता. मंडप आला होता. अध्यक्षांच्या छबीचा फलक फुग्यांनी आभाळात चढवायचा, म्हणून बीडहून फुगेवाला बोलावला होता.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी संघाच्या एका संचालकांचा ठाण्यात फोन आला. "साहेब, फुगेवाल्यानं विषारी गॅस सोडून आमचा माणूस मारला. विरोधकांचा हाय तो."

मंडपामागं हेलियमच्या टाकीशेजारी संघाचा तरुण कारकून मरून पडला होता. अंगावर जखम नाही, हवेला वास नाही. पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि फुगेवाल्याला जमावाच्या हातून सोडवून ठाण्यात आणलं. बाहेर संचालक खुनाच्या कलमासाठी अडून बसले.

"साहेब, जहर असतं तर इतके बरस फुगे भरून मी जिता राहिलो असतो का?" फुगेवाला म्हणाला.

"त्याला ओळखत होतास?"

"न्हाई ओ. आजच पाहिलं. टाकीपासून हाकललं बी. मी पाणी प्यायला टँकरकडं गेलतो, तेवढ्यात हे झालं."

जहराचा मुद्दा बिनतोड होता. पण बिनतोड मुद्द्यानं जमाव पांगत नाही.

मृताचे दोन सहकारी घटनेच्या वेळी मंडपामागंच होते. त्यांना ठाण्यात बोलावून वेगवेगळं बसवलं. दोघांचा जबाब एकच: आम्ही अध्यक्षांचं भाषण ऐकत होतो. मी एकाला विचारलं, काय बोलले? त्यानं घडाघडा सांगितलं. सहकाराचा वटवृक्ष, मुक्या जनावरांचे आशीर्वाद, टाळ्यांसाठी थांबायच्या जागासुद्धा.

"पण अध्यक्ष बोललेच कुठं? आरडाओरडा झाला तेव्हा नारळही फुटला नव्हता."

हवालदार म्हणाले, "बोल की बे. भाषण केलं कुणी?"

"त्यानंच, साहेब. गॅस ओढून बारीक आवाजात अध्यक्षांची नक्कल करत हुता. आमी लई हसलो. मग त्यानं थेट टाकीलाच तोंड लावलं अन् पडला. आमाला वाटलं, सोंग हाय. टाळ्या वाजवल्या."

"मग सांगितलं का नाही?"

"नोकरी कायम न्हाई अजून. अध्यक्षांना कळलं असतं तर?"

"आणि फुगेवाला खुनात गेला असता तर?"

त्यानं जबाबाखाली सही केली.

शवविच्छेदनात विष निघालं नाही. टाकीतल्या दाबानं फुप्फुसं फाटली होती. डॉक्टर म्हणाले, "हेलियम विषारी नाही, पण श्वासातली प्राणवायूची जागा घेतो. काही तरी बिघडलंय हे कळायच्या आत माणूस कोसळतो. तुमच्या दूध संघाच्या गाड्यांतून जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रवरूप नायट्रोजनचे डबे फिरतात ना? बंद काचांच्या गाडीत तोही हेच करील."

फुगेवाल्याला सोडलं. जाताना त्यानं विचारलं, फलक वर गेला का. मी नाही म्हणालो.

वरच्याला हसलो हे कबूल करण्यापेक्षा माणसं शेजारच्यावर खुनाचा आळ येऊ देतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं नोकरीत ते फार उपयोगी पडलं.

संघानं रीतसर शोकसभा घेतली. कारकुनाचं निधन कर्तव्य बजावताना झालं, असा ठराव अध्यक्षांनी गंभीर आवाजात वाचला. संघाच्या दप्तरी कारकुनाकडं फक्त जावक टपालाचं काम होतं.