तिसगावातली दोन इंजिनांची बोट

बोट बघायला तिसगावला जायचं ठरलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. तिसगाव पाथर्डीकडं, कोरड्या भागात. उन्हाळा लागला की तिथं प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघतात. अशा गावात, टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्यांशेजारी, पत्र्याच्या शेडखाली, पांढरीशुभ्र फायबरची बोट उभी होती. मागे दोन इंजिनं, कडेला गळाच्या काठ्या अडकवायच्या नळ्या, मध्ये गोल फिरणारी खुर्ची. बोटीच्या सावलीला दोन शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. कुणीतरी धरणावर पर्यटन काढायचं म्हणून मोठ्या हौसेनं ती कोकणातून आणली होती आणि ते काही जमलं नव्हतं. शेवटी ती ज्याच्या शेडात येऊन पडली, तो टोमॅटोचा व्यापारी. कंबरेच्या वर पाण्यात तो आयुष्यात कधी उतरला नसेल.

आमचं घर राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. रविवारी पुण्याहून, नगरहून गळवाले येतात. महागड्या काठ्या, डोक्यावर टोप्या. दिवसभर बसायचं, एखादी मरळ लागली की फोटो काढायचा आणि बऱ्याचदा ती परत पाण्यात सोडून द्यायची. हा शौक मला कधी कळला नाही, पण माझ्या मुलीला कळला. कॉलेज झाल्यावर ती कोकणात जाऊन बोट चालवायला शिकली, परवाना घेऊन आली आणि म्हणाली, मी या लोकांना आत नेऊन गळ टाकायच्या जागा दाखवीन. मासे कुठं असतात हे तिला लहानपणापासून ठाऊक. घरात पुष्कळ आदळआपट झाली, पण शेवटी मंडळी कबूल झाली. बोट जुनी घ्यायची, आणि चालवणार तीच.

चालवणार तीच, एवढं मात्र सगळे विसरले होते आणि माझा राग तिथंच होता. बोट दीर ठरवणार, नवरा मान हलवणार, व्यापारी पैसे घेणार, आणि पाण्यावर जाणार माझी मुलगी. धरणावर दुपार उलटली की वारं सुटतं. हा काही समुद्र नाही, असं शहरातले लोक हसून म्हणतात. त्यांनी एकदा यावं. मधोमध इंजिन बंद पडलं की बोट आडवी होते, लाटा बाजूनं आत येतात आणि वारा तिला ढकलत नेतो तो पाण्याखालच्या बाभळींच्या खुंटांवर. हे आमच्या काठावरच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून दोन इंजिनांची बोट हवी हा हट्ट माझा होता. एकानं दगा दिला तर दुसरं तिला काठाला आणील.

माझे थोरले दीर ट्रॅक्टर घेण्यात हुशार. गावातले निम्मे ट्रॅक्टर त्यांच्या सल्ल्यानं घेतलेले असतील. त्यांच्याशी मी कधी थेट बोलले नव्हते. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नसतं. त्यांना मला काही सांगायचं असेल तर ते नवऱ्याला सांगतात, "तिला म्हनावं चहा ठेव," आणि मी तिथंच समोर उभी असते. लग्न झाल्यापासून हे असंच. खटकायचं, पण घरात शांतता राहते म्हणून मीही चालवून घेतलं होतं.

दीर, नवरा, मुलगी आणि मी पिकअपमधून उतरलो तर बोटीला आधीच झेंडूचा हार घातलेला. पाटावर हळदीकुंकू, नारळ, पेढ्यांचा बॉक्स. मला काही उमगायच्या आत व्यापाऱ्यानं दिरांच्या हातात नारळ दिला. "करा दादा सुरवात. तुमच्यासारख्या मानसाच्या हातनं हुंद्या." दिरांनी टोपी सारखी केली, बोटीच्या नाकासमोर दगडावर नारळ फोडला, पाणी शिंपडलं आणि सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. अजून एकही इंजिन चालू झालं नव्हतं!

बाहेरच्या माणसाला यातली मेख कळायची नाही. आमच्याकडं मोटारसायकल असो, ट्रॅक्टर असो, नारळ फुटला की व्यवहार झाला. मग त्यात खोट काढायची नाही, काढली तर अपशकुन. शोरूममधून नवाकोरा ट्रॅक्टर आणताना ते ठीक आहे. पण खाऱ्या पाण्यात चालून आलेल्या, कुणाच्या तरी जुन्या इंजिनांपुढं नारळ? व्यापाऱ्यानं हे सगळं ओळखून मांडलं होतं, आणि आमच्या घरातला सगळ्यात हुशार माणूस अलगद त्याच्या जाळ्यात सापडला. वर पेढा खात हसत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.  मी पेढा घेतला नाही. मागे जाऊन मी इंजिनांवर हात ठेवला. बोटीतलं मला काही कळत नाही, पण इंजिन कळतं. माहेरी विहिरीवर डिझेल इंजिन होतं आणि हँडल मारून ते चालू करायचं काम माझ्याकडं होतं. गार इंजिन कसं उचलतं त्यावरून त्याची तब्येत कळते. आधीच तापवून ठेवलं तर म्हातारं इंजिनही तरण्यासारखं सुरू होतं. उजवं इंजिन कोमट लागलं. दिवसभर सावलीत उभं, आणि कोमट.

"सकाळी चालू केलतं का?" मी विचारलं.

व्यापारी माझ्या नवऱ्याकडं बघून म्हणाला, "न्हाई ओ. लई दिवस झालं, कुनी हात बी लावला न्हाई. पत्र्याची धग हाय ती."

"मग डावं गार कसं?"

ते त्याला ऐकूच आलं नाही. खिशातून मोबाईल काढून तो दिरांना व्हिडिओ दाखवायला लागला. हीच बोट, निळा समुद्र, मागे पांढरा फेस, वर कसलंतरी दणदणीत गाणं. दीर खूश. मुलगी तोवर डाव्या इंजिनाचं झाकण काढून आत बघत होती. मीही डोकावले. बोल्टांच्या खाचांत पांढरं मीठ धरलं होतं आणि त्यावरूनच काळा रंग मारला होता. मी खुणेनं विचारलं, काय? तिनं झाकण परत बसवलं. "ठीक हाय," म्हणाली.

असं इंजिन कोरडं चालवता येत नाही. त्याचा पंख्याकडचा खालचा भाग पाण्यात बुडालेला लागतो, कारण तेच पाणी ओढून ते गार राहतं. व्यापाऱ्यानं मागे दोन निळे ड्रम लावले आणि टँकरचं पाणी असं जिवावर आल्यासारखं ओतलं, जसं काही आम्ही ते पिऊन टाकणार होतो. उजवं इंजिन चावी फिरवताच सुरू झालं. होणारच. त्याच्या बाजूनं पाण्याची बारीक धार पडायला लागली. ती धार पडत असली की समजायचं, इंजिन पाणी ओढतंय. मुलीनंच मला घरी मोबाईलवर ते दाखवलं होतं. मग डावं. ते खोकलं, धूर टाकला, परत खोकलं आणि कसंबसं लागलं. दीर म्हणाले, "आवाज एक नंबर हाय." ट्रॅक्टर ऐकून ऐकून त्यांना तेवढंच कळतं. मी धारेकडं बघत होते. धार नव्हती.

"पानी पडत न्हाई," मी म्हटलं.

"पडंल की. धरनात टाकल्यावं पडंल." व्यापाऱ्यानं चावीकडं हात नेला. "उगं पेट्रोल कशाला जाळायचं?"

मी चावीच्या आड जाऊन उभी राहिले. "ऱ्हाऊ द्या चालू."

"ताई, गरम हुईल ते."

"हुईल ना? माझी पोरगी धरनात असताना गरम झालं तर चालंल, आन् तुमच्या शेडात न्हाई चालनार व्हय?"

दीर नवऱ्याला म्हणाले, "तिला म्हनावं सरक बाजूला. शुभ काम झालंय, नाट लावू नको."

नवरा मूग गिळून उभा. भावापुढं त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आजही फुटला नाही. एरवी मला त्याची कीव येते, त्या दिवशी चीड आली. मी जागची हलले नाही. हळूहळू इंजिनाचा आवाज जड झाला. करपलेल्या रबराचा वास आला, मग रंगाचा. झाकणाच्या फटीतून वाफ निघाली आणि एक हिसका देऊन इंजिन आपोआप बंद पडलं. शेळ्या उठून लांब जाऊन उभ्या राहिल्या.

व्यापारी ओरडायला लागला, "जाळलं! इंजिन जाळलं तुमी! आता बोट तुमचीच. नारळ फुटलाय!"

आणि आमच्या दिरांनी मान डोलावली. "खरं हाय त्याचं. शब्द गेलाय, घ्यावी लागंल. तिला म्हनावं, दुरुस्त करून घिऊ."

तेव्हा मी त्यांच्याकडं वळले. लग्नानंतर पहिल्यांदा, डोक्यावरचा पदर न सावरता, त्यांच्या डोळ्यांत बघून.

"भाऊजी, नारळ तुमी फोडलाय, तर बोटीत पयले तुमीच बसा. जाऊबाईंना घ्या, सुनांना घ्या, नातवंडं घ्या. दुपारच्या वाऱ्यात मधोमध जाऊन या ह्याच इंजिनावर. मी काठाला हुबी ऱ्हाते. तुमी समदी परत आला की मग मी माझ्या पोरीला बसवते."

 दिरांचं तोंड लाल झालं होतं. रागानं की शरमेनं, मला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. शेवटी नवऱ्यानं पिकअपचं दार उघडलं आणि म्हणाला, "चला." भावाला न विचारता तो काही ठरवतोय असं मी पहिल्यांदाच बघत होते. दीर मागे थांबले, व्यापाऱ्याची समजूत काढायला.

करंजीचा घाट उतरेपर्यंत मी एकटीच बोलत होते. व्यापाऱ्याला शिव्या दिल्या, त्याच्या हाराला, पेढ्यांना दिल्या. दिरांच्या हुशारीचा उद्धार केला. नवऱ्यालाही सोडलं नाही. मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती, समोर रस्त्याकडं बघत. मग मी तिच्याकडं वळले.

"तुला तरी कळाया नको? एवढी शिकून आलीस. झाकन काढलंस तवा मीठ दिसलं न्हाई का?"

"दिसलं," ती म्हणाली.

"मग?"

"इंजिन तापलं की भोंगा वाजतो. त्याची वायर काढून ठिवली हुती त्यानं. ते बी दिसलं. डावं इंजिन कामातून गेलंय, हे मला तवाच कळलं हुतं."

नवऱ्याच्या हातून पिकअप जरा कडेला गेली. त्यानं ती सावरली.

"आन् तरी तू ठीक हाय म्हनालीस?"

"ह्या बोटीचं मोडलं असतं तर दुसरी कुनी बघितली असती, आई? हिला हो म्हनायलाच तुमी किती रडवलंत मला. आता समदे म्हनतील, झालं, बघितली बोट, आता पोरगा बघा. मी ठरवलं हुतं, एकाच इंजिनावर चालवायची. वारं सुटायच्या आत काठाला यायचं. न्हाईच जमलं तर पोहता येतं मला."

 व्यापारी परका माणूस, त्याला माझ्या पोरीच्या जिवाचं काय पडलंय? पण त्या शेडात ती जिवावर उदार होऊन उभी होती ती त्याच्यामुळं नाही. आमच्यामुळं. बुडायची भीती तिला कमी वाटत होती, आमची जास्त. मी तिचा हात धरला. तिनं तो झटकून काढून घेतला.

"दुसरी कवा बघायची, तेवढं सांग," ती म्हणाली.

उद्याच बघू, असं मी तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं. भर शेडात दिरांना सुनावणारी मी, तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण बोटीचा व्यवहार मोडला याचा मला राग आलेला नव्हता. पिकअपमध्ये बसल्यापासून आतून मला हायसं वाटत होतं, की चला, आता पोरगी पाण्यावर जात नाही. मुलीनं मान वळवून एकदा माझ्याकडं नीट बघितलं आणि तिला ते कळलं.